स्टिरिओची कुरकुर: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: गाडीच्या स्टिरिओवर गाण्यात नसलेला आवाज गाण्यासोबत ऐकू येतो. अनेकांनी आधी नॉइज फिल्टर विकत घेतला, तो निकामी ठरला आणि मग पत्र लिहिलं. क्रम उलटा झाला. आवाज कुठून आत शिरतो ते आधी शोधायचं, खरेदी नंतर करायची. शोधायला लागतं ते एक साधं मल्टिमीटर, दोन रिकामे आरसीए प्लग (स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजे अ‍ॅम्पला, नेणाऱ्या केबलच्या टोकाला असतात ते) आणि एक निवांत रविवार सकाळ.

प्रश्न: पेट्रोल हॅचबॅकच्या डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि दहा इंची सबवूफर बसवून घेतला. इंजिन सुरू झालं की पुढच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. दुकानदाराने अ‍ॅम्पच्या पॉवर वायरवर फिल्टर लावला, काडीचा फरक नाही. आता तो म्हणतो अल्टरनेटर बदला. बदलू का? (सांगली)

उत्तर: नका बदलू, निदान खालच्या तपासण्या होईपर्यंत तरी.

अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजून ‘डायनॅमो’च म्हणतात, तो मुळात तीन फेजचा एसी तयार करतो. आतले सहा डायोड त्याचा डीसी करतात, पण तो डीसी अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लहर उरते. बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला अशा ३६ लहरी उठतात. पुलीमुळे तो इंजिनाच्या साधारण अडीच पट वेगाने फिरतो असं धरा. म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला लहर १२०० हर्ट्झची आणि २५०० आरपीएमला ३७५० हर्ट्झची. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून ती शिट्टी एवढी टोचते. सबवूफरमधून ती येत नाही, कारण त्याचा लो-पास क्रॉसओव्हर ८० ते १०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो. त्यामुळे ‘सबची वायरिंग बरोबर आहे’ असा निष्कर्ष मात्र काढू नका.

ही लहर प्रत्येक गाडीत असते. कंपनीच्या स्टिरिओत स्टिरिओ आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात, एकाच अर्थवर (गाडीच्या बॉडीला दिलेल्या निगेटिव्ह जोडावर) असतात म्हणून ती ऐकू येत नाही. तुमच्याकडे आता दोन अर्थ झाले: स्टिरिओचा डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा डिकीत. जोरात गाणं चालू असताना अ‍ॅम्प ३० अँपिअर ओढत असेल आणि त्याच्या अर्थच्या जोडात ०.०१ ओहम जरी अडथळा असेल, तरी तिथे ०.३ व्होल्ट पडतात. मग दोन्ही अर्थ एका पातळीवर राहत नाहीत. त्यांना जोडणारा दुसरा रस्ता कोणता? आरसीए केबलची बाहेरची जाळी. फरकाचा करंट तिच्यातून वाहतो, सोबत अल्टरनेटरची लहर नेतो आणि अ‍ॅम्प तिलाच गाणं समजून वाढवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पॉझिटिव्ह वायरवर फिल्टर लावणं म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

आता शोध. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी व्हॉल्यूमसोबत कमी-जास्त होत असेल तर ती स्टिरिओच्या आत किंवा त्याच्याही आधी, म्हणजे ऑक्स-यूएसबीच्या बाजूने शिरते आहे. शून्यावरही तेवढीच राहत असेल तर ती व्हॉल्यूमनंतर शिरते: आरसीए, अर्थ किंवा अ‍ॅम्प. तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता जास्त.

मग दोन आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि बाहेरची कडा तारेने जोडून डाग (सोल्डर) द्या. हे झाले शॉर्टिंग प्लग. स्टिरिओ बंद करा, अ‍ॅम्पमधून आरसीए काढा, त्या जागी हे प्लग खोचा, सगळं पुन्हा चालू करा. (ते फक्त अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये खोचायचे, स्टिरिओच्या आउटपुटमध्ये कधीच नाही.) शिट्टी तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पचा स्वतःचा, त्याच्या अर्थचा किंवा स्पीकरच्या वायरचा, दाराच्या बिजागरीपाशी वायर सोलून पत्र्याला टेकलेली असते कधीकधी. शिट्टी गेली तर अ‍ॅम्प निर्दोष.

तिसरी पायरी: शॉर्टिंग प्लग काढून तिथे मोबाइल जोडा, एका टोकाला हेडफोन पिन आणि दुसऱ्याला आरसीए अशा केबलने. मोबाइल चार्जरला लावलेला नको, कारण त्याचा गाडीच्या अर्थशी संबंधच नसणं हीच यातली गंमत आहे. अ‍ॅम्प चालू राहण्यासाठी स्टिरिओ चालू ठेवा. गाणं स्वच्छ वाजलं तर उरले दोनच संशयित: स्टिरिओचा अर्थ आणि आरसीएचा रस्ता. दुसरी एखादी आरसीए केबल सीटवरून उघडीच टाकून स्टिरिओ ते अ‍ॅम्प जोडा. शिट्टी गेली तर जुनी केबल पॉवर वायरला चिकटून गेली आहे किंवा ती खराब आहे. पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची. ओलांडावीच लागली तर काटकोनात. दोन्ही एकाच कार्पेटखालून, टॅगने एकत्र बांधून नेण्याची जी पद्धत आहे ती दिसायला नीटनेटकी आणि ऐकायला वाईट.

नवी केबल टाकूनही शिट्टी राहिली तर स्टिरिओचा अर्थ धरा. अडॅप्टर हार्नेसमधली काळी वायर नुसती पिळून टेप मारलेली सापडते. स्टिरिओच्या मागच्या स्क्रूपासून २.५ चौरस मिमीची वायर डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या पट्टीला घट्ट बसवा. एवढ्यानेही फरक पडला नाही आणि शिट्टी प्रमाणाबाहेर मोठी असेल तर आणखी एक तपासणी: स्टिरिओ गाडीतून सोडवून मल्टिमीटरच्या बीप रेंजवर आरसीएची बाहेरची कडा आणि स्टिरिओचा पत्र्याचा डबा यांत बीप येतो का पाहा. काही स्टिरिओंत या दोहोंमधली वाट फार नाजूक असते. चालू अवस्थेत आरसीए काढ-घाल केली किंवा अ‍ॅम्पचा अर्थ सुटला तर ती जळते. स्टिरिओ बाकी सर्व बाबतींत ठणठणीत, फक्त शिट्टी भयंकर. तंत्रज्ञ आतलं दुरुस्त करून देतो. तात्पुरतं आरसीएच्या कडेभोवती तांब्याची तार गुंडाळून तिचं दुसरं टोक डब्याच्या स्क्रूखाली धरलं तरी चालतं.

अ‍ॅम्पचा अर्थ कसा करायचा तेही लिहितो, कारण नव्याण्णव ठिकाणी डोकावलं तरी इथेच परत यावं लागतं. वायर ४५ सेंटीमीटरच्या आत आणि पॉझिटिव्ह वायरइतकीच जाड. जागा मूळ बॉडीच्या पत्र्यावर निवडा, वरून स्क्रूने बसवलेल्या पट्टीवर नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर निघून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा. क्रिम्प केलेला रिंग लग, दातेरी वॉशर, ८ मिमीचा बोल्ट. आणि घट्ट झाल्यावर वरून रंग किंवा पेट्रोलियम जेली, आधी नाही. भोक पाडणार असाल तर खाली वाकून पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या नेमक्या त्याच भागात असतात. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो, त्याखाली लग घालायची ही जागा नव्हे.

अर्थ झाला की मोजायचा. ओहम रेंजवर नाही. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच अडथळा ०.२ ते ०.३ ओहम असतो, त्यात काय कळणार? डीसी व्होल्टची २ ची रेंज लावा, एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलला, दुसरा लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला, इंजिन चालू, बास असलेलं गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ चालेल, ०.५ दिसला तर जोड सोडवा आणि पुन्हा घासा. डिकीतला जोड चांगला असूनही आकडा मोठा येत असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन पट्ट्या पाहा. दहा वर्षांच्या गाडीत त्यांच्या लगमध्ये हिरवी-पांढरी पूड साचलेली असते.

आणि शेवटी तुमचा अल्टरनेटर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, प्रोब थेट बॅटरीवर. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर तो निर्दोष. ०.५ च्या वर असेल तर एखादा डायोड गेलेला असतो आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं. स्वस्त मीटर इथे फसवतात. एका दिशेने २५-३० व्होल्ट आणि प्रोब उलट केल्यावर शून्य दाखवत असेल तर ते मीटर डीसीलाच एसी समजतं आहे; दुसरं आणा.

प्रश्न: इंजिन बंद, गाणं बंद, तरी ट्वीटरमधून (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरमधून) सतत ‘स्स्स’. शिट्टी नाही, वाळू ओतल्यासारखा आवाज. अर्थ दोनदा तपासला. (नाशिक)

उत्तर: अर्थला सोडा, बिचाऱ्याचा दोष नाही. अ‍ॅम्पचा गेन जास्त आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्टिरिओ जेवढा सिग्नल देतो तेवढ्याला अ‍ॅम्पने पूर्ण ताकद द्यावी, ही जुळणी करायला तो स्क्रू असतो. आरसीएवर २ व्होल्ट देणारा स्टिरिओ असताना गेन ०.२ व्होल्टच्या टोकाला पिळून ठेवला तर सिग्नलसोबत सर्किटची मूळची सरसरही दहा पट मोठी होते.

इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद, स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून सोडवा. गेन सर्वांत खाली. स्टिरिओचा व्हॉल्यूम कमालच्या तीन-चतुर्थांशावर, म्हणजे ४० पर्यंत आकडे असतील तर ३० वर. शून्य डेसिबलचा ३०० हर्ट्झचा टोन वाजवा (सबच्या चॅनलसाठी ५० हर्ट्झ). टोन १००० हर्ट्झचा घेऊ नका, साधी मीटर त्या फ्रीक्वेन्सीला चुकतात. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळू वाढवा. थांबायचा आकडा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. चार ओहमवर ६० वॉट आरएमएस (सलग देता येणारी ताकद) असेल तर १५.५ व्होल्ट, दोन ओहमवर ३०० वॉटच्या सबला २४.५ व्होल्ट. खोक्यावर छापलेले ‘मॅक्स’ वॉट या गणितात धरायचे नाहीत, फक्त आरएमएस. एवढं करूनही शांत गल्लीत, कान ट्वीटरला लावल्यावर थोडी सरसर ऐकू येईल. ती राहू द्या.

प्रश्न: ऑक्स वायरने मोबाइल लावला तर गाणं स्वच्छ. तोच मोबाइल चार्जिंगला लावला की किर्र सुरू. (ठाणे)

उत्तर: चार्जरमार्फत मोबाइलचा अर्थ गाडीला जोडला गेला, ऑक्समार्फत दुसऱ्यांदा जोडला गेला: लूप तयार. ब्लूटूथवर वाजवा, प्रश्न संपला. ऑक्सच हवं असेल तर दोन्हीकडे हेडफोनची पिन असलेला ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये घाला. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज जातो, अर्थ जात नाही. फार स्वस्त घेतलात तर बास बारीक होईल. हेच आयसोलेटर आरसीएच्या रूपातही मिळतं आणि सांगलीच्या वाचकांना कुणीतरी ते नक्की सुचवेल. अर्थचा जोड सैल ठेवून ते लावणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न: डॅशकॅम बसवल्यापासून एफएमवर खरखर. ब्लूटूथवर काही नाही. (कोल्हापूर)

उत्तर: डॅशकॅमपेक्षा त्याच्या चार्जरचा हा प्रताप. १२ व्होल्टचे ५ करणारं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, त्याचे पडसाद एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात आणि लांब केबल त्यांचा अँटेना बनते. खात्रीसाठी सॉकेटमधून चार्जर काढा, नुसता कॅमेरा बंद करून भागत नाही. खरखर गेली तर चांगल्या बनावटीचा चार्जर घ्या आणि केबलवर चार्जरच्या अगदी जवळ फेराइटची क्लिप लावा, केबलचे दोन-तीन वेढे तिच्यातून फिरवून. काचेच्या कडेने केबल खोचताना ज्या खांबातून रेडिओच्या अँटेनाची वायर उतरते तो खांब टाळा. बाजारातून बसवलेले एलईडी हेडलाइटही असाच उपद्रव करतात. रात्री लाइट लावल्यावरच रेडिओ खरखरत असेल तर कॅमेऱ्याला उगाच काढू नका.

प्रश्न: भावाने अमेरिकेतून स्टिरिओ पाठवला. खासगी एफएम स्टेशनं लख्ख लागतात, पण पुणे आकाशवाणी १०१ वर खरखर, आणि मीडियम वेव्हवर तर पुणे केंद्र सापडतच नाही. अँटेना बदलू? (पुणे)

उत्तर: अँटेना ठीक आहे, स्टिरिओ अजून अमेरिकेतच आहे. तिथे एफएमची पावलं ०.२ मेगाहर्ट्झची आणि सगळी विषम आकड्यांची: १००.९, मग थेट १०१.१. तुमची खासगी स्टेशनं ९१.१, ९३.५, ९८.३ अशी विषम, म्हणून नेमकी लागतात, १०१.० मधल्या मध्ये राहतं. मीडियम वेव्हलाही अमेरिकेत १० किलोहर्ट्झची पावलं, भारतात ९ ची. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ त्यांच्या ७९० आणि ८०० च्या मध्ये हरवतं. सेटिंगमध्ये ट्यूनर स्टेप किंवा एरिया शोधून एफएम ५० किंवा १०० किलोहर्ट्झ, एएम (म्हणजे मीडियम वेव्ह) ९ किलोहर्ट्झ करा. जपानमधून आलेल्या स्टिरिओत मात्र हा इलाज अनेकदा चालत नाही. तिथला एफएम पट्टाच ७६ पासून सुरू होतो, आणि जुने संच ९० ला थांबतात.

प्रश्न: डिझेल गाडी. चावी ऑन केली, इंजिन सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून एकसुरी घरघर. एका मेकॅनिकने स्पार्क प्लग बदलायला सांगितले. (सोलापूर)

उत्तर: डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, हीटर प्लग असतात, त्यांच्यात ठिणगी पडत नाही. त्या मेकॅनिककडून फक्त हवा भरून घ्या.

इंजिन फिरत नसताना येणारा आवाज अल्टरनेटरचाही नाही. एखादी मोटर शोधा. ब्लोअर बंद करा, मग एक-एक पायरी वाढवा. आवाजाची पट्टी बदलली तर ब्लोअर. नाही तर टाकीतला इंधन पंप, जो मागच्या सीटखाली असतो आणि ज्याची वायर तुमच्या आरसीएशेजारून जात असण्याची दाट शक्यता आहे. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून फ्यूज बॉक्समधून त्याचा फ्यूज क्षणभर काढा. घरघर थांबली तर आरसीए दुसऱ्या बाजूला हलवा.

ठिणगीचा त्रास पेट्रोल आणि सीएनजीच्या जुन्या गाड्यांत होतो आणि तो घरघर नसून टकटक असतो, आरपीएमसोबत जलद होणारी, बहुधा एएमवर. तिथे प्लगच्या नंबरात ‘आर’ आहे का पाहा, उदाहरणार्थ बीपीआर६ईएस. आर म्हणजे आत साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर. ‘आर’ नसलेला स्वस्त प्लग बसवला की रेडिओ लगेच चुगली करतो.

प्रश्न: कंपनीचा टचस्क्रीन काढायचा नव्हता, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरीवरून हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएच्या पातळीला आणणारा डबा) लावून सब जोडला. गुणगुण येते आणि अधूनमधून टचस्क्रीनचा आवाजच बंद पडतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: आवाज बंद पडतो हे चांगलं लक्षण: स्टिरिओतली आयसी (आवाज वाढवणारी चिप) स्वतःला वाचवते आहे. आजच्या जवळपास सगळ्या कंपनी स्टिरिओंत स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही वायरी अर्ध्या सप्लायवर तरंगत असतात. गाणं मंद ठेवून मीटरच्या डीसी रेंजवर प्रत्येक वायर ते बॉडी मोजा. दोन्हीकडे सहा-सात व्होल्ट दिसले तर तुमचाही तसाच आहे. अशा स्टिरिओच्या निगेटिव्ह वायरी एकत्र पिळून बॉडीला जोडल्या की आयसी जवळपास शॉर्ट होते. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये डावं-उजवं मिळून एकच काळी वायर दिली असेल तर तो फेकून द्या. चार स्वतंत्र इनपुट वायरी आणि आत ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल इनपुट असलेला घ्या. अ‍ॅम्पलाच हाय-लेव्हल इनपुट असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही: डावीकडच्या दोन वायरी डावीकडच्या इनपुटला, उजवीकडच्या उजवीकडे, अर्थशी कुणाचा संबंध नाही.

प्रश्न: चावी फिरवली की सबमधून ‘धप्प’. बंद करतानाही. सबला इजा होईल का? (पणजी)

उत्तर: अ‍ॅम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) चावीच्या १२ व्होल्टवर जोडलेली दिसते. त्यामुळे अ‍ॅम्प स्टिरिओच्या आधी जागा होतो आणि स्टिरिओ उठतानाचा धक्का सबला देतो. रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या वायरला हवी. नुसती निळी नको. ती अँटेनाची असते आणि काही स्टिरिओंत फक्त रेडिओ लावल्यावरच चालू होते. मध्ये रिले घातला असेल तर त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. कधीतरी हळू धप्प झाल्याने सब फाटत नाही, पण रोज दणका बसत असेल तर दुरुस्त करून घ्या.

प्रश्न: किट ‘४ गेज, शुद्ध तांबं’ म्हणून घेतलं. वायर जाड आहे पण बासच्या वेळी हेडलाइट मंद होतात. (जळगाव)

उत्तर: एका तारेवर ब्लेड चालवा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे तेवढ्याच कामाला दीडपटीहून जास्त चौरस मिमीची वायर हवी. वरून स्वस्त किटात रबरच जाड असतं. खऱ्या ४ गेजचा धातू सुमारे २१ चौरस मिमी असतो. दुकानात चौरस मिमीतच विचारा, गेजमध्ये फसवणूक सोपी जाते. वायर बदलताना बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज आहे ना तेवढं बघा. तो आवाजासाठी नसून आग लागू नये म्हणून असतो.

प्रश्न: दर पावसाळ्यात डाव्या पुढच्या दाराचा स्पीकर करकरतो, दिवाळीपर्यंत बरा होतो. (चिपळूण)

उत्तर: दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जातंच, ते खालच्या भोकांतून वाहून जावं अशी रचना असते. आधी दाराच्या खालच्या कडेची ती भोकं काडीने मोकळी करा. मग पॅनल उघडून आतला प्लास्टिकचा पडदा पाहा. स्पीकर बदलणाऱ्याने तो फाडून तसाच ठेवला असेल तर ब्यूटाइलच्या चिकट दोरीने पुन्हा चिकटवा. स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवी पूड असेल तर लग कापून नवा क्रिम्प करा, नुसतं पुसून उपयोग नाही. कोन दोन्ही अंगठ्यांनी समतोल दाबून हळूच आत-बाहेर करा. खरखर घासल्यासारखं लागलं तर कॉइल गंजली किंवा वाकडी झाली, स्पीकर गेला. कागदी कोनाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा घ्या आणि वरून प्लास्टिकची पन्हळ लावा.

प्रश्न: नवी एचएसआरपी नंबरप्लेट लावल्यापासून डिकीचं झाकण ढोल वाजवतं. प्लेट काढता येईल का? (कल्याण)

उत्तर: काढू नका, स्नॅप लॉक एकदा तोडलं की ते पुन्हा बसत नाही. ३ मिमीच्या फोमच्या चिकट पट्ट्या कापून प्लेटच्या कडांमागे पट्टीने सरकवा. पण आधी खडखड नक्की प्लेटचीच आहे का पाहा: २० ते २०० हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन लावा, कुणाला तरी बाहेर उभं करून प्लेट, झाकण, मागचा वायपर, पार्सल ट्रे एकेक दाबून धरायला सांगा. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो तिथेच इलाज. झाकणाच्या आतल्या पत्र्याला ब्यूटाइल शीट लावायची असेल तर सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा पुरे. गॅस स्ट्रट दमतील एवढं वजन चढवू नका.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, मग अ‍ॅम्प लावल्यावर शिट्टी कशी? (पुणे)

उत्तर: मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर त्याच्या जागी आहे, आणि मोटरचा इन्व्हर्टर वेगळा. पॅडलसोबत शिट्टी बदलते तेव्हा इन्व्हर्टरवर संशय घ्या, उभ्या गाडीत एकसारखी राहते तेव्हा कन्व्हर्टरवर. तपासण्याचा क्रम सांगलीच्या उत्तरातलाच: व्हॉल्यूम शून्य, शॉर्टिंग प्लग, मोबाइल, अर्थ. अर्थ १२ व्होल्टच्या बाजूचाच घ्यायचा. आणि नारिंगी आवरणाच्या कुठल्याही केबलला हात लावायचा नाही, तिच्याशेजारून आरसीए न्यायची नाही, गाडीच्या तळाला भोक पाडायचं नाही. त्या पत्र्याखाली बॅटरी आहे. एएमवरची खरखर मात्र यांपैकी कशानेच पूर्ण जाणार नाही.